भिंतीकडे तोंड

कुंभार सरांनी नियमांचा कागद आमच्या गोठ्याच्या दाराला चिकटवला, तेव्हा मी चंद्रीची धार काढत बसले होते. धार काढताना मी कुणाशी बोलत नाही. म्हशीला परका आवाज खपत नाही आणि मला कुणाचाच. पण सर खळीची वाटी हातात धरून दारातच उभे राहिले.

"आक्का, इथं लावला तर चालंल न्हवं? सगळी गल्ली दुधाला इथंच येती."

"लावा की. दिवाळीला दार सारवते मी, तवर टिकला तर टिकला."

"मे महिन्यापुरताच हाय. पोरांच्या फुटबॉलचे नियम हायत."

"पोरांच्या खेळाला नियम आणि थोरल्यांच्या खेळाला दगड," मी म्हटलं. "बरं चाललंय तुमचं."

सर खळी ढवळत राहिले. कोल्हापुरात पोर पाऊल टाकायच्या आधी लाथ मारायला शिकतं. आमच्या लिंबाच्या तालमीचा आणि खालच्या उंबराच्या तालमीचा सामना असला की बायका दुपारीच भाकऱ्या थापून मोकळ्या होतात, कारण संध्याकाळी कुणाचं डोकं फुटेल आणि दवाखान्यात कोण बसेल, सांगता येत नाही. त्या वर्षी तर इतके दगड पडले की दोन्ही तालमींच्या मोठ्या संघांवर वर्षभर बंदी आली. मग शाळेतल्या या कुंभार सरांनी डोकं चालवलं. मोठी माणसं बाद झाली, तर सुट्टीत पोरांची लीग घेऊ म्हणाले. चार गल्ल्या, चार संघ, सात-सात पोरं. पोरी आल्या तरी चालतील. खेळ म्हणून खेळायचं, बाकी काही नाही.

"वाचून दावा," मी म्हटलं. "चष्मा आत राहिलाय."

चष्मा कनवटीलाच होता. मी दुसरीतून शाळा सोडली. छापलेलं अक्षर मला लागतं, हातानं लिहिलेलं लागत नाही. पण ते मास्तराला कशाला सांगा?

सरांनी वाचलं. प्रत्येक पोर निम्मा सामना तरी खेळलंच पाहिजे, मग ते कितीही मठ्ठ असो. कप नाही, ढाल नाही, सामना झाला की जिंकलेल्याला एक केळं आणि हरलेल्यालाही एक केळं. मोठ्या माणसानं कडेला उभं राहून ओरडायचं नाही. ओरडला, तर उरलेला सामना त्यानं मैदानाकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसायचं.

"कंची भिंत?"

"ती मैदानाच्या कडेची. शेण्या थापलेल्या असत्यात बघा."

"त्या शेण्या माझ्या हायत," मी म्हटलं. "म्हंजे गल्लीतले बाप्ये माझ्या शेण्या बघत बसणार. नवरी बघायला गेल्यावाणी."

सर हसले आणि शेवटचा नियम वाचला. बारा वर्षं पुरी झालेलं पोर चालणार नाही. वयाचा कागद मागणार नाही. घरातल्या थोरल्या माणसानं तालमीच्या मारुतीपुढे शब्द द्यायचा. शब्द खोटा निघाला, तर ते पोर बाहेर, आणि शब्द देणाऱ्यानं पुढचा अख्खा सामना भिंतीकडे तोंड करून काढायचा.

"कागद का नको?"

"आक्का, या गल्लीतलं निम्मं गाव एक जूनला जन्मलंय," सर म्हणाले. "शाळेत घालताना मास्तर इचारतो कधीचा जन्म, आणि घरचे म्हणत्यात लिवा तुमच्या मनानं. माझी बी तारीख एक जूनच हाय. कागदाला काय इचारायचं? माणसाला इचारलेलं बरं."

मी कासंडी उचलली आणि आत गेले.

माझा नातू सम्या. समरजीत नाव, पण ते हजेरीपुरतं. आमच्या उत्तमचा एकुलता एक. अंगानं थोराड, लाथेत जोर असा की गोठ्याच्या दारावर चेंडू बसला की चंद्री पान्हा चोरायची. त्याच्या शाळेच्या कागदावरही एक जूनच होती, आणि त्या कागदाप्रमाणे त्याला बारा व्हायला अजून एक महिना होता.

शनिवारी संध्याकाळी लिंबाखाली सगळे जमले. सर वही घेऊन बसले होते. एकेका घरचं थोरलं माणूस पुढं येई, मारुतीच्या पायाला हात लावी आणि सांगे. आमच्या घरात थोरली मी. मालक जाऊन आठ वर्षं झाली होती.

"आक्का, सम्या बाराच्या आत?" सरांनी विचारलं.

"आत," मी म्हटलं.

एकच शब्द. सरांनी वहीत खूण केली. मागून हिंदुराव पैलवान म्हणाले, "लिवा, लिवा. हौसाक्काचा शब्द म्हंजे दगडावरची रेघ." लोक मान डोलावत होते. चाळीस वर्षं या गल्लीत मी दूध घालते. थेंबभर पाणी कधी घातलं नाही आणि कुणाच्या तोंडावर खरं बोलायची कधी राहिले नाही. मला तो मान ठाऊक होता. मी पदर नीट केला आणि घरी आले.

पहिल्याच रविवारी हिंदुराव पैलवान भिंतीला लागले. सामना सुरू होऊन पाच मिनिटं झाली नव्हती, तोवर ते ओरडले, "पाय मोड त्येचा!" सरांनी शिट्टी वाजवली आणि बोट दाखवलं. एवढा आडवातिडवा माणूस, सहा तालमींचा वस्ताद, मुकाट जाऊन माझ्या शेण्यांपुढे मांडी घालून बसला. पोरं हसून लोळली. मी पदराचा बोळा तोंडात धरला होता. मला ओरडायचं नव्हतं, पण माझ्या जिभेवर माझाही भरवसा नव्हता.

आणि खरं सांगते, खेळ बघायला मजा आली. चष्म्याचा ओंकार, ज्याला गल्लीत कुणी घेत नसे, तो निम्मा सामना धावला आणि एकदा चुकून चेंडूला लागलाही. उंबराच्या संघाच्या गोलात एक नऊ वर्षांची पोर उभी होती. हाडकुळी, दोन वेण्या, गुडघ्याला खरचटलेलं. चेंडू आला की डोळे मिटत नव्हती.

"कुणाची गं ती?" मी सुनेला, मंगलला, विचारलं.

मंगलनं माझ्याकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "आई, ती तेजू. सर्जेरावमामांची नात."

मी पदराचा बोळा परत तोंडात धरला.

सर्जेराव पोवार माझा सख्खा मोठा भाऊ. मी जन्मले उंबराच्या गल्लीत आणि दिली लिंबाच्या गल्लीत. मधे अंतर किती, तर एका दमात चालत जावं एवढं. पण त्या वर्षी मला माहेरच्या उंबऱ्याला पाय लावून चाळीस वर्षं झाली होती. राखी नाही, भाऊबीज नाही. लोक म्हणायचे, फुटबॉलच्या पायी माहेर तुटलं. ते खरंच होतं, पण लोकांना वाटायचं तसं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी आमच्या पोरांचा सामना उंबराशी लागला. दोन्हीकडची माणसं तोंडं शिवून उभी होती. इतकी शांतता की चेंडूवर पाय बसल्याचा आवाज भिंतीवरून परत यायचा. सम्या त्या पोरांत उभा राहिला की वासरांत रेडा वाटायचा. डोकंभर उंच. तीनदा त्यानं लाथ मारली. दोनदा तेजूनं अडवली. तिसरा चेंडू तिच्या हातावर बसला, मनगट मागं वळलं आणि चेंडू आत गेला. पोर मटकन खाली बसली. रडली नाही. सर धावले, पाणी घातलं, रुमाल बांधला. ती उठून परत गोलातच उभी राहिली, डावा हात पोटाशी धरून.

सम्या तिथंच थांबला. गोल झाला होता, आमची माणसं आवाज न करता टाळ्या वाजवत होती, आणि हा आपला पाय जमिनीला घासत उभा. मग वळून त्यानं माझ्याकडे बघितलं.

सगळे सामने संपले तेव्हा लिंब आणि उंबर पुढे होते. शेवटचा सामना त्या दोघांतच, येत्या रविवारी. कप नव्हता की ढाल नव्हती, तरी गल्लीत बोलायला दुसरा विषय नव्हता. उत्तम तर दुकान सोडून सम्याला सकाळ-संध्याकाळ पळवत होता.

मंगळवारी सकाळी मी गोठ्यात वैरण टाकत होते. दारात सावली आली. मला वाटलं, दुधाचं गिऱ्हाईक.

"धार व्हायचीय अजून," मी न बघताच म्हटलं.

"दूध न्हाई न्यायला आलो."

तो आवाज मी चाळीस वर्षांत ऐकला नव्हता, तरी पाठीतून कळला. सर्जेरावदादा. डोक्याला पटका, हातात काठी, काखेत पिशवी. लई वाकला होता. मी वैरणीची पेंडी तशीच हातात धरून उभी राहिले.

"आत यिऊ?"

"म्हशी मारक्या न्हाईत," मी म्हटलं.

तो आत आला. बसायला मी काही दिलं नाही. त्यानं स्वतःच पेंडीच्या पोत्यावर टेकून घेतलं. बराच वेळ चंद्रीकडं बघत राहिला.

"ही तीच व्हय?"

"तिची लेक. तीच म्हैस बारा वर्सं राहील व्हय दाराशी?"

"हां. खरंय."

"पोरीचा हात कसा हाय?"

"सुजलाय. डॉक्टर म्हणाला, हाड शाबूत हाय, पण आठवडाभर जपा. ती ऐकंना. म्हणती, रविवारी मीच गोलात उभी राहणार. कुणावर गेलीया कुणास ठावं."

"माझ्यावर न्हाई," मी म्हटलं. "मी माझं सोडून दुसऱ्याचं काय अडवलं न्हाई कधी."

तो हसला. दात राहिले नव्हते फारसे. मग पिशवीतून त्यानं एक वाडगा काढला. पितळी, कल्हई उडालेला, काठावर माझं नाव कोरलेलं. माझ्या लग्नात आईनं दिलेला.

"तुझा वाडगा," तो म्हणाला. "द्यायचा राहिला हुता. रिकामं भांडं परत करू नये म्हणत्यात. त्यात काय घालावं हे सुचंना, म्हणून ठिवला."

मी पेंडी खाली ठेवली आणि वाडगा हातात घेतला.

श्रावणात सम्या झाला, त्याच पहाटे गोठ्यात म्हैस व्याली होती. घरात बाळ आणि गोठ्यात रेडी, दोन्ही एकाच दिवशी. चिकाचा खरवस केला आणि गल्लीत घरटी वाटला. सर्जेरावदादाची बायको, आमची वहिनी, तेव्हा अंथरुणाला खिळली होती. मी मालकांच्या नकळत हाच वाडगा भरून शेजारणीच्या हाती तिला पाठवला होता. बोलणं नव्हतं, पण आजारी माणसाच्या तोंडाला भांडण कसं लावायचं?

"तिनं दोन घास खाल्लं," दादा म्हणाला. "म्हणाली, हौसाचा नातू नशीबवान, दुधासंगं आलाय. त्याच दिवाळीत गेली ती. ह्या गेल्या दिवाळीत बारा वर्सं झाली."

एवढंच बोलून तो थांबला. दिवाळीला वहिनीला बारा वर्षं. सम्या तिच्या आधी जन्मलेला. आणि आता मे महिना होता.

सम्या सहा वर्षांचा असताना त्याला कावीळ झाली. वर्षभर घरात. शाळेत घातला तेव्हा तो सातचा होता, पण बारीक दिसायचा. मास्तरांनी कधीचा म्हणून विचारलं. मला वाटलं, पोर मागं पडलं म्हणून चिडवतील. मी वर्ष गाळून सांगितलं. तेव्हा त्यात कुणाचं काही जात नव्हतं.

मी वाट बघत होते की दादा आता बोलेल. हौसा, तुझा नातू पावणेतेराचा आहे, तू मारुतीपुढं खोटं बोललीस, माझ्या नातीचा हात त्यानं मोडला असता. त्यानं तसं म्हटलं असतं तर मी काठी घेऊन त्याला हाकलला असता. माझी जीभ तयार होती.

पण तो म्हणाला, "हौसा, त्या दिवशी हात लागला हुता."

कुठला दिवस हे विचारायची गरज नव्हती. चाळीस वर्षांपूर्वी लिंब आणि उंबर यांचा शेवटचा सामना होता. आमच्या मालकांचा संघ आणि दादाचा संघ. सामना संपायला आलेला, आणि दादानं गोल केला. मालक म्हणाले, हात लागला. पंचांना दिसलं नव्हतं. दोन्हीकडचे वस्ताद म्हणाले, पोराला मारुतीवर हात ठेवून सांगू दे. दादानं हात ठेवला आणि सांगितलं, नाही लागला. कप उंबराला गेला. मालक मरेपर्यंत म्हणत होते, तुझ्या भावानं हात लावला. मी कधी हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. फक्त माहेरी जाणं सोडलं.

"मला ठावं हाय," मी म्हटलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? मी गोलामागं बसले हुते. बायकांत. चेंडू तुझ्या मनगटाला लागला आणि आत गेला. डावा हात."

दादाच्या हातातली काठी जमिनीवर एकदा आपटली. "मग बोलली न्हाईस? नवऱ्याला बी न्हाई?"

"न्हाई."

"का?"

"तू बोलशील म्हणून थांबले. चाळीस वर्सं थांबले."

चंद्री दाव्याला झटका देत होती. धारेची वेळ टळत होती तिची. दादा उठला. दारापाशी जाऊन थांबला, पण मागं वळला नाही.

"मी कुणाला काय सांगायला आलो न्हवतो," तो म्हणाला. "वाडगा द्यायला आलो हुतो."

तो गेला. मी वाडगा पुसून फळीवर ठेवला. मग काढला. मग परत ठेवला.

त्या दिवशी धार काढताना पहिल्यांदा माझ्या हातून कासंडी कलंडली.

तीन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. मंगलला वाटलं, मला ताप आलाय. शुक्रवारी सम्या गोठ्यात चेंडू धुवायला आला. मी त्याला पोत्यावर बसवलं आणि सांगितलं. आडपडदा न ठेवता. पोरांशी गोल गोल बोलायची मला सवय नाही.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे मी सातवीत पायजे हुतो?"

"व्हय."

"आणि माझा वाढदिवस एक जूनला न्हाई?"

"न्हाई. श्रावणात. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी."

"आज्जी, मग तू तवा शब्द का दिलास?"

ज्या जिभेनं मी गल्लीतल्या भल्याभल्यांना गप्प बसवलं, ती जीभ टाळ्याला चिकटली. शेवटी मी म्हटलं, "लोक बघत हुते."

सम्यानं चेंडू पुन्हा बादलीत बुडवला. तो स्वच्छच होता. धूत राहिला, धूत राहिला आणि मग त्याचे खांदे हलायला लागले. मी जवळ गेले तर म्हणाला, "हात लावू नगंस." मी लावला नाही. चेंडू बादलीतून काढून तो म्हणाला, "तेजूला लागलं तवाच मला वाटलं हुतं, आपण लई मोठं हाय."

शनिवारी संध्याकाळी लिंबाखाली रविवारचा संघ ठरवायला माणसं जमली होती. उत्तम, हिंदुराव, झाडून सगळे. सर वहीत नावं लिहीत होते. अशा बैठकीला बायका सहसा जात नाहीत. मी गेले आणि मारुतीसमोर उभी राहिले.

"सर, सम्याचं नाव खोडा," मी म्हटलं. "त्याला बारा होऊन नऊ महिनं झालं. मी खोटं बोलले."

मग उत्तम पुढं आला. "आये, तुला ताप आलाय. चल घरी."

"ताप आला असता तर शुद्धीत नसते. शुद्धीत हाय म्हणून सांगतीया."

हिंदुराव माझ्या कानाशी लागले. "आक्का, एक रविवार जाऊ द्या की. सोमवारी सांगा. कोण इचारतंय?"

"तुम्हीच म्हणाला हुता न्हवं, दगडावरची रेघ?" मी म्हटलं. "मग रेघ वाकडी आली, तर दगड बी दाखवा की लोकांना."

ते मागं सरले. उत्तम माझ्याकडं बघत होता, जसं कुणी परक्या बाईकडं बघावं. "अख्ख्या गल्लीची मान खाली घातलीस," एवढं म्हणून तो निघून गेला. पुढं दसऱ्यापर्यंत त्यानं मला आई म्हणून हाक मारली नाही. जेवण वाढ, पाणी दे, एवढंच.

सरांनी सम्याचं नाव खोडलं, ओंकारचं लिहिलं. मग वही मिटून हळू म्हणाले, "आक्का, तुम्ही स्वतःहून सांगितलंत. उद्या तुम्ही घरीच ऱ्हावा. भिंतीचं राहू द्या."

"का? नियम फक्त पैलवानाला हाय?"

रविवारी चार वाजता मी मैदानावर गेले. नेसायला चांगलं लुगडं काढलं होतं. तोंड खाली घालून बसायचं नव्हतं मला, भिंतीकडे करायचं होतं एवढंच. दोन्ही गल्ल्यांची माणसं बघत होती. मी त्यांच्या मधून चालत गेले, शेण्यांपुढं पोतं अंथरलं आणि मैदानाकडे पाठ करून बसले. मागं कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

शिट्टी झाली. खेळ सुरू झाला आणि माझ्यापुढं शेण्या. प्रत्येकीवर माझ्याच हाताची पाच बोटं. एवढी वर्षं थापल्या, पण निरखून कधी बघितल्या नव्हत्या.

मागून धावणारी पावलं ऐकू येत होती. कुणाचे बूट, कुणाचे अनवाणी पाय. ओंकारचा चष्मा पडला असावा, कारण पोरं "थांब, थांब" करत होती. मग दोन्हीकडून एकदम श्वास ओढल्याचा आवाज आला. गोल झाला की हुकला? कुणाचा? मान वळवायला एक क्षण पुरला असता. मी वळवली नाही.

तेवढ्यात शेजारी काठी टेकल्याचा आवाज आला. कुणीतरी धाप टाकत, भिंतीला हात लावून, हळूहळू खाली बसलं. मी नजर तिरकी केली. पटका दिसला.

सर्जेरावदादा मैदानाकडे पाठ करून माझ्या बाजूला बसला होता.

मागची माणसांची कुजबुज थांबली. पोरं मात्र खेळत होती. दोन्ही गल्ल्यांतली जुनी माणसं तिथं होती. तो का बसला, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"तुला कुणी सांगितलं हितं बसायला?" मी म्हटलं.

"नियम हाय," तो म्हणाला. "वाचला मी. तुझ्याच दाराला लावलाय."

"नात खेळतीया तुझी. बघायचं सोडून..."

"बघायचं न्हाई म्हणूनच बसलोय."

ऊन भिंतीवरून उतरत होतं. मधली सुट्टी झाली, पोरं पाणी प्यायली, परत शिट्टी झाली. एकदा माझ्या गुडघ्याला मुंग्या आल्या, तर त्यानं न बोलता स्वतःची काठी माझ्याकडं सरकवली. मी टेकायला घेतली.

मागून एकदम ओरडा झाला. पोरांचा, मोठ्यांचा नाही. आणि कुणीतरी आमच्याकडं धावत आलं. सम्या. त्याला सरांनी कडेला चेंडू आणून द्यायचं काम दिलं होतं. शुक्रवारपासून तो माझ्याशी बोलला नव्हता.

"आज्जी! आबा!" तो धापा टाकत म्हणाला. "तेजूनं पेनल्टी अडवली. एका हातानं!"

"कुणाची?"

"आपलीच की!" असं म्हणून तो आला तसा पळाला. आपली पेनल्टी हुकली, याचं त्याला काहीच वाटत नव्हतं.

दादाच्या तोंडाकडं बघितलं तर त्याचे ओठ हलत होते. पण मान त्यानं वळवली नाही. मीही नाही.

शेवटची लांब शिट्टी झाली. पोरं केळ्यांच्या पाटीवर तुटून पडल्याचं ऐकू आलं. माणसं पांगायला लागली. नियमाप्रमाणे आता उठायला हरकत नव्हती. दादा मात्र बसूनच होता.

"ऊठ की," मी म्हटलं.

"तुझी शिक्षा झाली," तो म्हणाला. "तुझा एक सामना हुता. माझी किती, ते कुणी ठरवलंय? कोण सांगंल?"

मी त्याच्याकडं बघितलं. पटक्याखाली पांढरे केस, खोल गेलेले डोळे, आणि काठी माझ्याकडं असल्यानं रिकामे राहिलेले हात. डावा हात मांडीवर पालथा ठेवला होता.

"चाळीस वर्सं तोंड फिरवून बसलास," मी म्हटलं. "बसलो. दोघं बी. आता आणि किती बसणार?"

त्याची काठी मी त्याच्या हातात दिली. आधी मी उठले, मग त्याला हात दिला.

"चल," मी म्हटलं. "म्हशी खोळंबल्यात. धार काढते, दूध पिऊन जा. तुझ्या घरला न्यायला वाडगा बी भरून देते. पण ह्या खेपेला लवकर परत आण."